आडवा झोपलेला आठ

मामांना जाऊन वर्ष होत आलं तेव्हा मामीचा फोन आला. "ह्यांचं कपाट काढलंय. तुला काही हवं असेल तर ये, नाहीतर परवा भंगारवाला येतोय." मी नेरुळहून डोंबिवलीला पोचलो तोवर भंगारवाला आदल्याच दिवशी येऊन गेला होता. रेडिओ गेला, दोन छत्र्या गेल्या, मामी जिला 'ती लांब पायांची तिपाई' म्हणते तो ट्रायपॉडही गेला. उरला होता एक लोकरीचा मोजा. "हा नको म्हणाला तो," मामी म्हणाली. "आत काहीतरी आहे, पण धड लोखंड नाही, धड पितळ नाही."

आत लेन्स होती. मायक्रो-निक्कोर, ५५ मिलिमीटर, एफ ३.५. पुढच्या कड्यावर निकॉन कंपनीचं जुनं नाव कोरलेलं, निप्पॉन कोगाकु. वजन पाव किलोच्या आसपास, वास डांबरगोळ्यांचा. मोज्याच्या टोकाशी चार घड्या घातलेली पावतीही निघाली. मामांनी हयातीत पावतीशिवाय वस्तू घेतली नाही आणि पावती आहे म्हणून एकही वस्तू टाकली नाही.

मामा एका सरकारी दफ्तरात छायाचित्रकार होते. छायाचित्रकार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नट्या येतात. मामांच्या कॅमेऱ्यापुढे तीस वर्षं कागद आले. वाळवीने खाल्लेले नकाशे, मोडीतली पत्रं, पावसात भिजून एकमेकांना धरून बसलेल्या वह्या. कागद काचेखाली सपाट करायचा, दोन्ही बाजूंनी दिवे लावायचे, वरून कॅमेरा, की खटका. लग्नात कुणी "मामा, एक ग्रुप फोटो होऊन जाऊ द्या" म्हटलं की ते हात झटकायचे. "माणसं सपाट नसतात," म्हणायचे. आम्ही हसायचो. तो विनोद नसून तांत्रिक हरकत होती, हे मला साठी उलटल्यावर कळलं.

कारण या लेन्सचं घराणंच मुळी कागदावर वाढलेलं. पाश्चात्त्य देशांत पुस्तकांच्या मायक्रोफिल्म निघायला लागल्या, तेव्हा सव्वीस अक्षरांच्या लिपीचं त्यात फारसं काही बिघडत नव्हतं. जपानी कांजीचं एकेक अक्षर म्हणजे पंधरा-वीस काड्यांचं घरटं. ते त्याच मापात लहान केलं की फिल्मवर नुसता ठिपका पडायचा. टोकियो विद्यापीठातल्या प्राध्यापक कोआना यांनी ही अडचण निकॉनवाल्यांपुढे ठेवली आणि त्यातून १९५६ साली पहिली मायक्रो-निक्कोर तयार झाली. १९६१ साली ती एसएलआर कॅमेऱ्यावर बसायला लागली आणि पन्नासची पंचावन्न मिलिमीटर झाली. लिपीच्या हट्टापायी जन्मलेली लेन्स, हे मला फार आवडलं. आपल्याकडच्या एखाद्या शास्त्र्याने 'कार्त्स्न्य' हा शब्द त्या काळी पुढे केला असता, तर कदाचित आपल्यालाही एखादी लेन्स मिळाली असती.

नावाचाही एक घोळ आहे. साऱ्या जगात अशा लेन्सला मॅक्रो म्हणतात, निकॉन मात्र मायक्रो म्हणतं. वस्तू एकच, एकाला ती स्थूल दिसते, दुसऱ्याला सूक्ष्म. आमच्या मुलाने बारावीला अर्थशास्त्राच्या पेपरात हाच गोंधळ घातला तेव्हा त्याचे सहा मार्क गेले होते. निकॉनचं म्हणणं असं, की वस्तूच्या मूळ आकाराहून मोठी प्रतिमा पाडेल ती खरी मॅक्रो, आणि ही तर एकटीने जेमतेम निम्म्या आकारापर्यंत पोचते. सोबत एक जोडकडं लावलं तरच बरोबरीला येते. आपल्याच मालाबद्दल इतकं खरं बोलणारी कंपनी आमच्या बँकेत कर्ज मागायला आली असती, तर आम्ही चहा पाजून परत पाठवली असती.

हो, मी बँकेत होतो. चौतीस वर्षं. त्यातली निम्मी चेकवरच्या सह्या ताडून पाहण्यात गेली. वेलांटी डावीकडे झुकली की माणूस खोटा, इतकं माझं जग वीतभर झालं होतं. त्यामुळे लेन्स हातात आली तेव्हा मला तिची दया आली. बिचारीने जन्मभर कागद पाहिले. आता निवृत्तीत तिला लांबचं काहीतरी दाखवू. कधी घराबाहेर न पडलेल्या आत्याला काशीला न्यावं, तसं.

कॅमेरा घरात होता. मुलगा बंगलोरला गेला तेव्हा आपला मिररलेस कॅमेरा ठेवून गेला होता, त्याच्या आधी गिटार, त्याच्या आधी ॲक्वेरियम. लेन्स त्यावर बसवायला ॲडॉप्टर लागतो. ॲडॉप्टर म्हणजे एक पोकळ कडं. आत काच नाही, तार नाही; हवेचे हजार-बाराशे रुपये. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, "बाबा, ती मॅक्रो आहे. तिने फुलांचे, किड्यांचे फोटो काढतात."

"मला लांबचे काढायचेत."

"मग मोबाइलने काढा ना."

लेन्सचं फिरतं कडं मात्र फिरेना. पन्नास वर्षांत आतल्या ग्रीसचा डिंक झाला होता. मग सीएसएमटीला उतरून बोराबाजार गाठला. तिथे एका जिन्याच्या खालच्या खणात, उभं राहायला मिळेल इतक्याच जागेत एक कारागीर बसतो. त्याने भिंग डोळ्याला लावलं, लेन्स उजेडाला धरली आणि डॉक्टर एक्स-रे पाहताना काढतात तसा आवाज काढला. "फंगस नहीं है," तो म्हणाला. मी म्हटलं, नवी मुंबईत नव्हती, डोंबिवलीत होती. "वहाँ भी होता है. किधर रखी थी?" मोज्यात, म्हटल्यावर त्याने पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं.

"बारीक काम का लेन्स है, अंकल. फूल-वूल निकालते हो?"

"नाही. नवी मुंबई."

"पूरी?"

"जमेल तेवढी."

चार दिवसांनी लेन्स मिळाली तेव्हा कडं असं फिरत होतं, की श्रीखंड घोटतोय असं वाटावं. परतीच्या गाडीत मशीद बंदरपासून मानखुर्दपर्यंत मी ते नुसतं मागे-पुढे फिरवत बसलो. समोरचा मुलगा शेवटी म्हणाला, "काका, उघडत नाहीये का? मी उघडून देऊ?"

आणि त्या फिरवण्यातच मला या लेन्सचा स्वभाव कळला. घरी आल्यावर शिंप्याची टेप घेऊन मी तो मोजलाच. कडं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण सतरा सेंटिमीटर फिरतं. वीतभर अंतरावरून, म्हणजे पाव मीटरवरून सुरू करा. एक मीटर लांबच्या वस्तूवर येईपर्यंत पंधरा सेंटिमीटर खर्ची पडतात. उरले दोन. या दोन सेंटिमीटरांत एक मीटरपुढचं सगळं जग. त्यातही तीन मीटरपासून पुढे, म्हणजे आमच्या हॉलच्या भिंतीपासून सूर्य-चंद्रापर्यंत जे काही आहे ते, सहा मिलिमीटरांत आटोपतं. तांदळाच्या एका दाण्याएवढ्या जागेत वाशीचा पूल, पारसिकचा डोंगर, अख्खी खाडी, आणि त्या दाण्याच्या टोकाला अनंताची खूण, म्हणजे इंग्रजी आठाचा आकडा आडवा झोपलेला. माशीच्या पायाला हातभर जागा आणि विश्वाला तांदूळ! हिशेब चुकीचा नाही, प्रकाशशास्त्राने तसाच लागतो: वस्तू जितकी जवळ तितकी लेन्सची नळी जास्त पुढे सरकावी लागते, लांबच्यासाठी केसभर सरकली तरी पुरते. पण मला तो माणसांचा हिशेब वाटला. आमच्या शाखेत एक हेडकॅशियर होते. त्यांना एक रुपया कमी पडला की रात्री नऊपर्यंत बसायचे. बाहेर सरकार बदललं तरी दुसऱ्या दिवशी पेपर आल्यावर कळायचं.

मायक्रोने लांबचे फोटो काढणं म्हणजे त्या तांदळावर बोट स्थिर ठेवणं. कॅमेऱ्यात एक सोय आहे: जिथे फोकस बसतो तिथल्या कडा पडद्यावर लाल होतात. साध्या लेन्सचं कडं फिरवलं की लाली हळूहळू सरकते. इथे श्वास घेतला की लाली वाशीहून बेलापूरला जाते.

पहिला प्रयोग घरात केला. मुलाच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे पंचावन्नची लेन्स त्यावर ऐंशीच्या वर गेल्यासारखी वागते. म्हणजे जवळचं अधिक जवळ आणि चौकट अधिक अरुंद. पाच फूट सहा इंच माणूस डोक्यापासून पायापर्यंत मावायला चार मीटर मागे जावं लागतं. आमचा हॉल दहा बाय बारा फूट. त्यात सोफा. थोडक्यात, या लेन्सच्या दृष्टीने आमच्या घरात एक अख्खा माणूस राहू शकत नाही. मी बायकोला गॅलरीच्या दाराशी उभं केलं, स्वतः मागे मागे जात दाराबाहेर गेलो, दोन पायऱ्या उतरलो, तेव्हा कुठे तिची चप्पल चौकटीत आली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून गॅस सिलिंडर उतरवत एक जण आला आणि मला भिंतीला चिकटवून गेला. फोटोत बायको आहे, तिच्या चेहऱ्यावर हसू आहे, आणि ते हसू तिने माझ्यासाठी आणलेलं नाही.

"अहो, तुमच्या मामांनी एवढ्यासाठीच माणसांचे फोटो काढले नसतील," ती म्हणाली.

मग बाहेर पडलो. नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळीत नोव्हेंबरपासून मेपर्यंत रोहित पक्षी असतात. फ्लेमिंगो म्हणायची आता पद्धत आहे. ठाण्याच्या खाडीला २०२२ साली रामसर यादीत जागा मिळाली ती यांच्यामुळेही. भल्या पहाटे तळ्याच्या काठाला फोटोवाल्यांची रांग लागते. त्यांच्या लेन्सा सहाशे मिलिमीटरच्या, पांढऱ्या, कापडी लष्करी झगे घातलेल्या. रांगेकडे पाहिल्यावर वाटतं, पलीकडच्या काठावरून कुणी चाल करून येणार आहे. त्या तोफखान्यात मी लोणच्याच्या बरणीएवढी लेन्स घेऊन उभा राहिलो.

शेजारच्या तरुणाने सौजन्याने विचारलं, "काका, किती एमएम?"

"पंचावन्न."

तो थोडा वेळ गप्प राहिला. माझ्या घरात नुकतंच कुणी गेलं असावं, अशा स्वरात मग म्हणाला, "मिळतात का?"

मिळतात. दोनशे मीटरवरचा पाऊण-एक मीटर उंचीचा पक्षी माझ्या सेन्सरवर पाव मिलिमीटर उमटतो. मी शंभरेक पक्षी टिपले, सगळे एकाच फोटोत, पाण्यावर सांडलेल्या गुलाबी तिळासारखे. पण घरी कॉम्प्युटरवर फोटो मोठा केला तेव्हा मी चाट पडलो. प्रत्येक तिळाला मान होती. काही तिळांची मान पाण्यात होती. मागच्या इमारतींच्या खिडक्यांचे गज मोजता येत होते. ही लेन्स जवळच्यासाठी घासलेली, लांबचं तिला नीट जमत नाही, असं पुस्तकांत लिहिलेलं असतं आणि त्यात थोडं तथ्यही आहे. पण एफ ८ वर आणून ठेवली की ती चेकवरच्या सह्या तपासल्यासारखी अख्खं क्षितिज तपासते. कोपऱ्यातसुद्धा ढिलाई नाही, कारण नकाशाचा कोपरा पुसट आला तर मामांना मेमो मिळायचा. शिवाय तिची पुढची काच नळीत खोल, विहिरीच्या तळाशी बसवल्यासारखी. समोरून पामबीच रस्त्याचं दुपारचं ऊन आलं तरी काचेवर सहसा पडत नाही. दुसऱ्या लेन्सांना हूड विकत घ्यावं लागतं, हिने पदर आधीच पुढे ओढून घेतलाय.

मुलाला फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं: "छान. पक्षी कुठेत?"

त्याला मी फाळक्यांची गोष्ट सांगितली. १९१२ साली दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. त्यांनी पहिल्यांदा काय टिपलं? कुंडीतलं वाटाण्याचं रोप. रोज थोडं थोडं, महिनाभर, अंकुर फुटून वेल वर जाईपर्यंत. ती छोटी फिल्म दाखवून त्यांनी पैसा उभा केला आणि मग १९१३ साली त्याच कॅमेऱ्याने 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला. "म्हणजे बघ, वाटाण्यावर बसवलेली नजर अयोध्येच्या राजावर फिरवता येते."

"बाबा, फाळक्यांनी लेन्स बदलली असेल."

आजकालच्या मुलांना कुठलीही गोष्ट पूर्ण ऐकून घ्यायची सवय नाही.

लोक म्हणतात, ठीक आहे, निसर्ग सोडा, जुन्या मॅक्रो लेन्सने माणसांचे चेहरे सुरेख येतात. टॅमरॉनची १९७९ ची ९० मिलिमीटर, एफ २.५ वाली लेन्स त्यासाठीच वाखाणली जाते. तिच्याजवळ कीटक आणि नवरी दोघांना सांभाळून घेण्याचा समंजसपणा आहे. माझ्या निक्कोरला तो शिकवलेला नाही. हे मला बायकोच्या भिशीच्या दिवशी कळलं.

चैत्राचं हळदीकुंकू आणि भिशी एकत्र होती. सोसायटीच्या गच्चीवर चौदा बायका, सगळ्या नटलेल्या, संध्याकाळचा मऊ उजेड. मी सगळ्यांचे फोटो काढले, रात्री ग्रुपवर टाकले आणि निष्पाप मनाने झोपलो. सकाळी उठलो तर बायको फोन पालथा घालून बसली होती. चौदांपैकी तिघींनी ग्रुप सोडला होता. एकीने विचारलं होतं, "माझ्या हनुवटीवर हे काय आहे?" त्यावर दुसरीने मदत म्हणून तो भाग मोठा करून, लाल गोल काढून परत टाकला होता. एकीच्या भांगात मेंदीची सरहद्द कुठे संपते आणि नैसर्गिक प्रदेश कुठून लागतो, हे सर्वेक्षण विभागाच्या नकाशासारखं दिसत होतं. नथीतला एक मोती गळालेला होता, तिथे भरलेला गमचा थेंबही होता.

पण खरा स्फोट पैठणीने केला. एका बाईंनी आपली पैठणी येवल्याहून खास विणून आणलीये असं तीन वर्षं सांगितलं होतं. फोटो काढताना वाऱ्याने त्यांचा पदर उलटला. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा-सुलटा सारखाच दिसतो, मोर मागूनही मोरच. यंत्रावरच्या पदराला मागे दोऱ्यांची जाळी लोंबते. माझ्या लेन्सने त्या जाळीचा दोरान् दोरा वेगळा काढला होता. खाली कुणीतरी फक्त एक शब्द लिहिला होता: "सेमी." त्याला नऊ अंगठे.

"त्या लेन्सला परत मोज्यात घाला," बायको म्हणाली. "आणि मोजा डोंबिवलीला देऊन या."

मी लेन्स डब्यात घातली. मोज्याचं सुख तिच्या नशिबात संपलं होतं. नवी मुंबईतल्या पावसाळी हवेत काचेवर बुरशी धरते म्हणून चकलीच्या हवाबंद डब्यात, बुटांच्या खोक्यांतून आणि औषधांच्या बाटल्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांच्या गादीवर ती झोपवली. डब्यावर मी चिठ्ठी लावली, 'खाऊ नये'. पाहुण्यांनी तो डबा दोनदा उघडला.

ऑक्टोबरात पाऊस सरला, हवा धुतल्यासारखी झाली, आणि मला पुन्हा खाज सुटली. एका सकाळी पारसिक हिलवर गेलो. तिथून खाली पाहिलं की नवी मुंबई कशी काय सुचली असेल ते समजतं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 'मार्ग' मासिकात खाडीपलीकडच्या या शहराची कल्पना मांडली, १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली, आणि मग शेतं-मिठागरांवर सेक्टर आखले गेले. आखणाऱ्यांनी सगळं आडव्या आठावरून पाहिलं, आणि तिथून ते खरंच देखणं आहे. रस्ते सरळ, झाडं रांगेत, खाडी चकचकीत, लोकल गाडी दुरून खेळण्यातल्यासारखी. आम्ही राहणाऱ्यांनी तेच शहर पाव मीटरवरून पाहिलं. पाव मीटरवर ओल असते.

लेन्स तांदळाच्या टोकाला नेली, केसभर मागे आणली, एफ ८, ट्रायपॉड नसल्याने कठड्यावर टेकवली. एक फोटो. एकच. लेन्सही खूश असावी. निदान मला तसं वाटलं. बारा बाय अठरा इंचांची प्रिंट काढून हॉलमध्ये लावली. बायकोसुद्धा दोन मिनिटं उभी राहून पाहत होती. "ह्यात कुणाची हनुवटी नाही ना?" एवढंच विचारलं.

रविवारी सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले. प्रिंटपाशी थांबले. चष्मा बदलला. मग आणखी जवळ गेले. "काका, ही आपली बिल्डिंग?"

मी अभिमानाने म्हटलं, "हो. डावीकडून तिसरी. दीड-दोन किलोमीटरवरून घेतलाय."

"भिंग आहे का?"

भिंग मामांचंच होतं, तेही मोज्यातून निघालेलं, मी सांगायचं विसरलो. सेक्रेटरींनी ते प्रिंटवर धरलं आणि बोराबाजारचा कारागीर ज्या आदराने काचेकडे पाहत होता, तेवढ्याच आदराने ते आमच्या इमारतीकडे पाहू लागले. गच्चीवर टाकीच्या बाजूला अडीच मिलिमीटर लांबीची एक नारिंगी रेघ होती. "गच्चीवर कपडे वाळत घालायचे नाहीत असा ठराव झालाय मार्चमध्ये," ते म्हणाले. "कुणाची साडी आहे ही?"

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला.

"प्रिंटिंगचा दोष असेल," मी म्हटलं. चौतीस वर्षांत मी एकाही खोट्या सहीला खरी म्हटलं नव्हतं.

पण सेक्रेटरींची नजर साडीवरून पुढे सरकली होती. इमारतीच्या भिंतीवर, तिसऱ्या ते पाचव्या मजल्यापर्यंत, काळसर पट्टा. ते हळूच म्हणाले, "ही गळती डोंगरावरून दिसते?" आणि मग एकदम उत्साहात, "काका, ठेकेदार गेली दोन वर्षं म्हणतोय, की ओल नाहीच, तुमचा भ्रम आहे. मोबाइलच्या फोटोत सगळं गुळगुळीत येतं. ह्या लेन्सने जरा जवळून काढून द्या ना. जिन्यातले पोपडे, कॉलमच्या भेगा, सगळं."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, ही लेन्स निवृत्त आहे. हिने जन्मभर कागदांवरचे डागच पाहिलेत. आता हिला लांबचं दाखवतोय.

"अहो, आपण सगळे निवृत्तच आहोत," सेक्रेटरी म्हणाले. "मी काय हौसेने सेक्रेटरी आहे?"

बायको बाहेर आली. हातात चहा. तिने माझ्याकडे पाहिलं, मग गच्चीवरच्या नारिंगी रेघेकडे पाहिलं. "देतील ना काढून," ती म्हणाली. "लगेच देतील."

चहा झाल्यावर आम्ही दोघे जिन्यात गेलो. सेक्रेटरींनी टॉर्च तिरका धरला, मामा धरायचे तसा, बाजूने. चौथ्या मजल्याच्या वळणावर ओल फुगून रंगाचे पोपडे सुटले होते, कडांना पिवळी झाक, मधे काळे ठिपके. मोडीतल्या एखाद्या पत्राच्या पाठीवर असतात तसे. मी कडं फिरवलं. तांदळावरून निघून ते सरसर मागे गेलं, दोन सेंटिमीटर, पाच, दहा, कुठेही न अडता, आणि नळी हळूहळू बाहेर येत राहिली. गेल्या आठ महिन्यांत ते इतकं हलकं कधी फिरलं नव्हतं. पडद्यावर डागाच्या कडा एकदम लाल झाल्या, चारही कोपऱ्यांत एकाच वेळी.

"काका, माणूस उभा करू का शेजारी? मापासाठी?" सेक्रेटरींनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. कॅमेरा समांतर धरला. भिंत अगदी सपाट होती.